सुनेची फाईल, माझं कुलूप

चारचौघांत उच्चारता येणार नाही असा शब्द मी कॉम्प्युटरचा पासवर्ड म्हणून ठेवला होता. तेव्हाची मी स्वतःला फार हुशार समजायची.

दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट. बोटीवर नोकरीला असलेला मुलगा सुट्टीत आचऱ्याच्या घरी कॉम्प्युटर बसवून गेला. नात त्यावर पत्ते खेळायची आणि खेळता खेळता आपल्या आईच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या, फायली पुसायची. म्हणून जाताना त्याने दोन खाती केली. एक सगळ्यांचं, त्यात खेळ आणि गाणी. दुसरं माझं, त्यात सगळंच. अधिकार हाती आल्यावर माणूस कसा वागतो हे बघायचं तर मला बघायला हवं होतं! आधी नातीचे पत्ते बंद केले. मग सुनेने बालवाडीच्या नोकरीसाठी टाइप केलेला पाठ माझ्या खात्यात हलवला. तिने पासवर्ड विचारला, तर म्हटलं, “तुका लागलो की मीच उघडून दितंय.”

आणि जत्रेसाठी मसुऱ्याला माहेरी निघून गेले.

दुसऱ्याच दिवशी तिला मुलाखतीचं बोलावणं आलं, उद्या सकाळचं. पाठ छापून मिळणार तो मालवणात. तिने माझ्या भावाच्या घरी फोन लावला.

पासवर्ड म्हणजे नवऱ्याचं खोलीतलं नाव. लोकांसमोर आम्ही नवऱ्याचं नाव घेत नाही. खोलीत मात्र मी त्यांना ‘सुंगट’ म्हणायची. रागावले की भिंतीकडे तोंड करून कोलंबीसारखे वाकडे झोपायचे, म्हणून. फोन होता माजघरात, आणि समोर पंगत बसलेली.

मी पुटपुटले.

“आयकाक येणा नाय, आई! मोठ्यान सांगा, दुकान बंद होतला!”

मी पदर तोंडावर घेतला आणि ओरडले, “सुंगट!”

पंगतीतले हात थांबले. थोरली भावजय म्हणाली, “आज सोमवार गो. सुंगटां खंयसून आणू?”

फोनवर कळा दाबल्याची टकटक ऐकू आली. मग सून म्हणाली, “उघडला,” आणि फोन ठेवला.

जत्रा आटोपून घरी परतले तेव्हा, फोनवरची माझी ओरड शेजारी बसून ऐकलेल्या नवऱ्याने माझ्याकडे न बघता पेपराचं पान उलटलं. सून दारातच उभी होती.

“आई, नोकरी गावली माका,” ती म्हणाली. “आता माझ्या फायलींका माझोच पासवर्ड घालतंय. तो काय तुमका सांगूचंय नाय.”