लाडकीने पाणी जास्त घातलं नव्हतं

लाडकी तलासरीच्या एका ज्युनियर कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होती. मूळची सायवनची, आश्रमशाळेतून बारावी सायन्स पास झालेली. केमिस्ट्रीचे प्रितेश सर नरपडचे, घरची चिकूची वाडी. चार वर्षांत त्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती. "ए, बाटल्या धू," एवढंच.

बारावीच्या सराव परीक्षेला पाव लिटर, ०.१ मोलर तीव्रतेचं ऑक्झॅलिक आम्ल हवं होतं. सर म्हणाले, "सव्वादोन ग्रॅम घाल."

लाडकीने बाटलीवरचं लेबल वाचलं. "सर, यात पाण्याचे दोन रेणू आहेत. रेणुभार १२६. तुम्ही पाणी सोडून ९० धरलात."

"तुला विचारलं मी? सांगितलं तेवढं कर."

तिने केलं. मनात म्हणाली, होऊ दे.

तासाभरात वर्गात गोंधळ उडाला. ब्युरेटच्या नळीतून दहा मिली द्रावण पडलं, की फ्लास्कमधल्या आम्लाला गुलाबी रंग यायला हवा होता. सगळ्यांचा सातच्या जरा पुढेच येत होता. सरांनी वह्या पाहिल्या आणि पोरांसमोर ओरडले, "हिने पाणी जास्त ओतलंय! कुठून कुठून भरती होऊन येतात!"

लाडकी फळ्याकडे गेली. तिने खडू उचलला.

"१२६ गुणिले ०.१, त्याचा पाव भाग. ३.१५ ग्रॅम," ती लिहीत म्हणाली. "तुम्ही २.२५ घालायला लावलंत. म्हणून द्रावण ०.०७ मोलरच झालं."

"खाली ठेव तो खडू!"

तिने ठेवला नाही. सगळ्यांदेखत ३.१५ ग्रॅम तोललं, नवं द्रावण केलं आणि प्रगती नावाच्या मुलीपुढे ठेवलं. प्रगतीने ब्युरेटची तोटी सोडली. रंग बरोबर दहाला आला. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

दुसऱ्या दिवशी लाडकीला मेमो मिळाला: उद्धट वर्तन. तिने उत्तरात माफी लिहिली नाही, फक्त ते गणित लिहिलं. प्राचार्य म्हणाले, "बाई, विषय मिटवा आता."

"मी नाही काढला, सर. मी नाही मिटवणार."

मेमो फाइलमध्ये राहिला. प्रितेश सरांनी चूक मान्य केली नाही, आजतागायत नाही. दोन वर्षं झाली, एकाच खोलीत दोघं काम करतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. सर वजनं फळ्यावर लिहून जातात. लाडकी प्रत्येक आकडा तपासते. चुकलेला सापडला, की मुलं यायच्या आत त्याला लाल गोल करते आणि तो पुसत नाही.