अक्काला पाय पसरता येतील अशी गाडी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तिला यातलं अर्धं माहीत आहे, आणि ते अर्धं मीच सांगितलेलं, म्हणजे खोटं. तुम्ही माझे कोणी लागत नाही, कदाचित म्हणूनच तोंड उघडतंय. एरवी मी बोलण्याचंच खातो. लातुरात माझा क्लास आहे, बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो. चाकूरपासून पार इस्लापूरपर्यंतची पोरं येतात. खचाखच भरलेल्या हॉलमध्ये कधी अडखळत नाही. आणि इथं — बघा, अजून मूळ विषयाला हातही घातलेला नाही.

विषय गाडीचा आहे. हसू नका. दोन गाड्यांतली एक निवडायची होती, एवढंच. एक घरच्या माणसांची, सात जणांची. मागच्या सीटा आडव्या केल्या की आत गादी टाकावी अशी. दुसरी भारीतली, पाच जणांची; पांढऱ्या कातड्याच्या सीटा, वर काचेचं छत. लोक अशी निवड करतात, पेढे वाटतात आणि विसरतात. मग मलाच का विसरता येऊ नये?

आधी अक्काबद्दल सांगायला हवं.

अक्का माझी थोरली बहीण. भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होतो. अक्काला मुदखेडला दिलेली. गौरीला म्हणून माहेरी आली होती आणि गणपती बुडवून जाणार होती. गणपती बुडाले, आणि त्याच रात्री, पहाटे, आमचं दगडमातीचं घर बसलं. आई-बाबा दोघंही गेले. मला अक्कानं हातांनी उकरून काढलं. तिच्या उजव्या हाताची दोन नखं पुन्हा कधी नीट आली नाहीत. मला त्या पहाटेचं काही आठवत नाही. तिला त्यातलं काही विसरता आलं नाही.

त्यानंतर अक्का छताखाली झोपली नाही. दिवसा घरात सगळं करायची — स्वयंपाक, झाडलोट, सगळं. पण झोपायचं म्हटलं की बाहेर. मला सोबत घेऊन ती सासरी गेली, तिथंही अंगणातल्या बैलगाडीत झोपायची. घरची सून बाहेर झोपते, गाव काय म्हणेल — या एका कारणावरून तिच्या नवऱ्यानं वर्षभरात आम्हा दोघांना परत आणून सोडलं आणि दुसरी बायको केली. परत कुठं, तर सरकारी पत्र्याच्या शेडमध्ये. त्या माणसाला मी मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या अजून पाठ आहेत. आता त्या कुणाला द्यायच्या, हा प्रश्न आहे.

लोकांच्या रानात खुरपून अक्कानं मला शिकवलं. हे वाक्य मी पालकांच्या मेळाव्यात दर वर्षी म्हणतो, बरं का. टाळ्या पडतात.

क्लास सुरू केला तेव्हा पोरांना स्टँडवरून आणायला एक जुनी जीप घेतली होती. अक्का माझ्याकडे राहायला आली, जीपभोवती एक फेरी मारली, मागच्या दोन बाकड्यांवर फळ्या टाकल्या, वर वाकळ अंथरली आणि आडवी झाली. मी बघत उभा.

“काय बघलालास? घराला हालायची सवय न्हाई, दत्ता. हालाय लागलं की पडतंय. गाडीला सवय हाय.”

किती हसलो होतो आम्ही! लिंबाच्या झाडाखाली जीप, जीपमध्ये अक्का — तेव्हा मला त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नव्हतं. तेव्हा मी सर नव्हतो ना, नुसता दत्ता होतो.

मग लातूरचं नाव झालं. क्लासचं नाव झालं. आम्ही चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. जीप सोसायटीच्या भिंतीला लागून, उघड्यावर. सकाळी शेजारपाजारचे फिरायला निघाले की जीपच्या मागच्या दारातून अक्का उतरायची, पदर सावरत, हातात तांब्या. लोक बोलत काही नव्हते, नुसते बघायचे. पालक लोकही क्लासची पायरी चढण्याआधी सरांची गाडी बघतात, हे तुम्हाला खोटं वाटेल, पण आमच्या धंद्यात तसं आहे. आणि माझ्या गाडीत वाकळ असायची.

जीपनं शेवटी मान टाकली. नवी घ्यायची ठरली. बायको सरळ म्हणाली, “अक्कांना झोपता येईल ती घ्या.” तिला यात विचार करण्यासारखंच काही दिसलं नाही. मला दिसलं. नांदेडला दोन्ही गाड्या बघायला मिळणार होत्या. मी अक्कालाही घेऊन गेलो. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती ती.

सात जणांच्या गाडीच्या सीटा तिथल्या पोरीनं आडव्या करून दाखवल्या. अक्कानं चपला काढल्या, वर चढली आणि शोरूमच्या झगझगीत उजेडात, सगळ्यांसमोर, आडवी झाली.

“पाय पसरतेत की रं! जीपमधी गुडघं वर घ्यावं लागायलेत. हिच्यात पाक पसरतेत, बघ.”

तिथली पोरगी हसली, पण चांगलं हसली. तेवढ्यात मागून कुणी तरी ‘नमस्कार सर’ म्हणालं. आमच्याच एका विद्यार्थिनीचे वडील, त्यांनाही गाडी घ्यायची होती. त्यांनी आत बघितलं आणि विचारलं, “आई का सर तुमच्या?”

मी म्हणालो — “नाही, गावाकडच्या आहेत.”

बहीण म्हणायला किती वेळ लागला असता? अक्का डोळे मिटून पडली होती. तिनं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. परतीच्या वाटेवर ती पाय पसरण्याबद्दलच बोलत होती.

आता येतो. इतका वेळ टाळत होतो तिथं येतो.

आठवड्याभरानं मी अक्काला सांगितलं की कंपनीनं ती गाडी बंद केली. झोपायच्या सीटांची गाडी आता कुणालाच मिळणार नाही. शिकवताना असतो तसा शांत, स्वच्छ आवाज होता माझा. ती म्हणाली, “आसं व्हय? जाऊ दे मग. तू तरी काय करणार.” आणि बायकोला सांगितलं, अक्कालाच ती गाडी नको आहे, तिला गावी जाऊन राहायचंय.

मला भारी गाडी हवी होती, असं समजू नका. तसं असतं तर बरं होतं, हौस म्हणून सोडून देता आलं असतं. मला अक्का गाडीत झोपायला नको होती. आणि फ्लॅटमध्ये ती झोपू शकत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणजे मी काय निवडत होतो? तिच्या नवऱ्यानं निदान तोंडावर सांगितलं होतं.

जुनी जीप भंगारात गेली, पांढऱ्या सीटांची गाडी आली. अक्कानंच नारळ फोडला, ओवाळलं. मग दार उघडून मागच्या सीटवरून हात फिरवला. आठवडाभर ती फ्लॅटच्या गॅलरीत बसून डुलक्या काढत राहिली, आणि एक दिवस पिशवी भरली. मी “राहा की गं” म्हणालो. एकदाच. ती राहील या भीतीनं हळूच म्हणालो. तिला त्याच गाडीतून गावी सोडलं. पायांची माती लागू नये म्हणून ती पूर्ण रस्ताभर चपला हातात धरून, सीटच्या कडेवर बसली होती. मी आरशातून बघत होतो. नीट बस, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

चार पावसाळे ती शेडसमोर खाट टाकून झोपली. पाऊस आला की डोक्यावर पोतं घेऊन बसून राहायची, असं आता कळतंय. शेवटच्या पावसाळ्यात ताप आला. मला कळवू नका म्हणाली शेजारच्यांना, क्लासच्या परीक्षा आहेत. मी पोचलो तेव्हा तिला अंगणातच ठेवलेलं होतं. कुणीतरी समजूतदारपणे आत नेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो. शेजारच्या शांताबाईंनी चहा आणून दिला आणि माझ्या गाडीकडे बघत बसल्या. मग सहज म्हणाल्या, “अक्का लई सांगायची तुमचं. माझा दत्ता मला झोपायची गाडी घेणारच हुता, पर कंपनीनंच बंद केली म्हणायची. मंग आमच्या थोरल्यानं तसलीच नवी आणली की. तुम्ही हितं सोडून गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात. म्या म्हनलं, अक्का, ही बघ तुझी बंद झालेली गाडी!”

मी विचारलं, “मग?”

“मग काय. भवतीनं फिरली. मागचं दार उघडाय लावलं, शिटा आडव्या करून बघितल्या. लई येळ बघितलं. अन् म्हनली, ही न्हवं. ही येगळी हाय. माझ्या दत्तानं बघितलेली येगळी हुती.”

शांताबाई कपबशा घेऊन आत गेल्या.

दुसऱ्याच महिन्यात. म्हणजे त्यानंतर चार वर्षं ती मला दर रविवारी फोन करत होती, ते सगळं माहीत असून. पोरांचं विचारायची, बायकोचं विचारायची, आणि फोन ठेवताना न चुकता म्हणायची, “तुझी गाडी बरी चालती न्हवं?”

मी म्हणायचो, “मस्त चालते, अक्का.”