कॉलरला टोचलेली सुई

माझं सगळं शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झालेलं. विलीनीकरणानंतर वरून हुकूम आला, आम्हा मास्तरांनी मराठीची परीक्षा द्यावी, नाहीतर नोकरी सोडावी. पहिल्या खेपेला मी सपशेल आपटलो. नेमलेल्या कादंबरीतल्या मृत्युप्रसंगातला उपरोध आणि प्रतीकं सांगा, असा प्रश्न होता. 'प्रसंग फार करुण आहे' एवढंच लिहून मी उठून आलो होतो. आता एकच संधी उरली होती.

जिभेला वळण लागावं म्हणून जळकोटला सडकेवरच्या शिंपीचाचांच्या दुकानात मी रोज दुपारी तीच कादंबरी मोठ्यानं वाचायचो. कादंबरी एका शिंप्याचीच, त्यामुळं चाचांचे पाय मशीनवर आणि कान माझ्याकडं. शेवटी तो शिंपी आजारपणात मरतो. चाचा नुकतेच मोठ्या दुखण्यातून उठलेले, त्यांना हे कुठं ऐकवायचं? मी दीडशहाणपणा केला. वाचता वाचता मनचाच शेवट जोडला, शिंप्याला ठणठणीत बरं करून पुस्तक मिटलं.

मशीन थांबली. चाचा म्हणाले, "मास्तर, टाका सुटलाय. तो गडी पुस्तकभर सुई कॉलरला टोचून ठेवतो. ती सुई कुठं गेली?"

चोरी पकडली गेली. खरं पान काढून वाचलं. गावातल्या प्रत्येक नवरदेवाचा कोट शिवणारा तो माणूस मरतो, लोक त्याला कोऱ्या कापडात गुंडाळतात, आणि काढून ठेवलेल्या सदऱ्याच्या कॉलरला सुई तशीच राहते, ओवलेल्या दोऱ्यासकट.

चाचा उठून उभेच राहिले. "व्हय! आता बसलं. जन्मभर साऱ्या गावाला शिवलं, आन् जाताना त्याच्या कापडाला एक टाका लागत न्हाय. कफनाला शिलाई नसतीय, मास्तर."

उपरोध आणि प्रतीक, वर्षभर मला छळणारे ते दोन शब्द त्या एका सुईत सापडले होते. मी चक्क टाळ्या पिटल्या. एका माणसाच्या मरणावर आम्ही दोघं लहान पोरांसारखे हरखलो होतो, याची लाजही वाटली नाही.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. तीन पानं भरली. निकाल लागला, नोकरी वाचली, आणि मी पळतच दुकान गाठलं. पेपरात माझं नाव घातलं का, असं चाचांनी हसत विचारलं. नाही घातलं, हे मी कबूल केलं.

माझ्या अंगात त्यांनीच शिवलेला सदरा होता. त्याची कॉलर त्यांनी सरळ केली.

"अंगाला नीट बसला न्हवं? मग झालं. शिंप्याचं नाव कोण इचारतंय."