डॉक्टरांची पलटण

आमचे डॉक्टर ज्या स्टेथास्कोपने म्हशीचं पोट तपासत, त्याच स्टेथास्कोपने जीपचं इंजिन तपासत. मधे तो धोतराच्या फडक्याने पुसून घेत, पण हा शिष्टाचार म्हशीसाठी होता की जीपसाठी, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. बॉनेटवर कान लावल्यासारखे वाकून, डोळे मिटून म्हणत, "हं, तिसऱ्या सिलिंडरला कफ आहे." आणि खरोखर असायचा. नात्याने ते माझे सख्खे काका, पण त्यांना काका म्हणणारं घरात कोणी नव्हतं. काकूसुद्धा डॉक्टरच म्हणायची. त्यांचा स्वतःचा मुलगा अभय लहानपणी एकदा त्यांना "बाबा" म्हणाला, तर त्यांनी मागे वळून पाहिलं की कोणाचे बाबा आलेत.

नोकरी सरकारी, जनावरांच्या दवाखान्यात. सगळी हयात भोर आणि वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर शेरडंमेंढरं टोचण्यात गेली. उरलेला जीव त्यांनी मिलिटरीच्या जुन्या जीपगाड्यांत घातला. भोरला घरामागे पत्र्याची लांबलचक शेड होती, तिला ते 'लाइन' म्हणत आणि आतल्या जीपगाड्यांना 'पलटण'. गाड्यांची नावं मात्र गोठ्यातली: कपिला, तांबू, मोरी. मोरी चढावर अडायची आणि उतारावर ऐकायची नाही. "गाभण असेल," असं काकू म्हणायची.

फौजेशी डॉक्टरांचा एकूण संबंध म्हणजे कॉलेजातली एनसीसी. तिथूनही त्यांना परेडच्या रांगेतून बाहेर काढलं होतं, कारण चालताना उजवा पाय पडला की त्यांचा उजवाच हात पुढे जायचा. पण त्या अपमानातून खाकीबद्दल जी माया निर्माण झाली, ती खऱ्या सैनिकांनाही नसावी. दर रविवारी ते पुण्याच्या जुन्या बाजारात जायचे आणि संध्याकाळच्या एसटीने काहीतरी भयंकर घेऊन उतरायचे. फौजी हेल्मेट, घडीचं फावडं, पेट्रोलचा चेपलेला डबा, कुणा अज्ञात शिपायाचे बूट, तेही दोन्ही डाव्या पायाचे. "लढाई कधीच संपली म्हणे," काकू म्हणायची, "पण सामान अजून आमच्या माडीवर उतरतंय." फक्त काडतुसांच्या लोखंडी पेट्यांबद्दल तिची तक्रार नव्हती. त्यात हवा शिरत नाही असा तिला शोध लागला, आणि तेव्हापासून आमच्या घरातले पापड वर्षभर कुरकुरीत राहू लागले.

त्यांचं एकच तत्त्व होतं: "मूळचं ते मूळचं." बोल्ट बदलायचा तर त्याच मापाचा, त्याच काळातला. नाहीच मिळाला तर किकवीला हायवेवरच्या लेथवाल्याकडे बसून तसाच करवून घ्यायचा आणि वर त्याला मुद्दाम गंज चढवायचा. चकचकीत जीप त्यांना बघवत नसे. पानशेतला शनिवार-रविवारी पुण्याची मंडळी लाल-पिवळ्या जीपगाड्या घेऊन येतात, आत मोठमोठे स्पीकर. तसली गाडी दिसली की डॉक्टर तोंड फिरवत. "नवीन काय, कोणीही घेतं. जुनं टिकवायला अक्कल लागते, आणि ती नवीन मिळत नाही."

तरी एकदा तिथल्याच एका हॉटेलवाल्याच्या भिडेखातर त्यांनी मोरीला लग्नाआधीच्या फोटोंसाठी नेलं. मी बरोबर होते. नवरदेव काळा चष्मा लावून बॉनेटवर चढू लागला, तसे डॉक्टर गरजले, "उतरा! ती वरात नाही, वाहन आहे." मग त्या दोघांना त्यांनी गिअरबॉक्सवर व्याख्यान दिलं. मुलगी बिचारी पदर सावरत माना डोलवत होती. शेवटी निघायच्या वेळी मोरी सुरूच होईना. डॉक्टर स्टिअरिंगवर बसले आणि नवरा-नवरीने जीप ढकलली, शालूनिशी, धरणाच्या कडेने पार वळणापर्यंत. फोटोवाल्याने तेवढा एकच फोटो मनापासून काढला असावा, कारण पुढे अल्बममध्ये तोच पहिल्या पानावर लागला.

पलटणीत एकच उणीव होती: खुद्द महायुद्धातली जीप. "पुढच्या जाळीला नऊ खाचा पाहिजेत," ते सांगत. "सात असल्या की लढाईनंतरची." रस्त्यात कुठलीही जीप दिसली की ते खाचा मोजत. कोणाच्या तेराव्याला गेले असले तरी.

निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला एक धनगरवाडा आहे, तिथे ते शेरडांना लस टोचायला गेले होते. एका छपराखाली गंजलेला सांगाडा होता आणि दिव्याच्या भोकातून एक करडू मुंडकं बाहेर काढून ओरडत होतं. डॉक्टरांनी सवयीने खाचा मोजल्या. नऊ भरल्या. त्या आनंदात त्यांनी हातातली सुई शेरडाऐवजी स्वतःच्या अंगठ्यात खुपसली. त्यामुळेच त्यांना पुढे कधी आंत्रविषार, म्हणजे शेरडांचा पावसाळी पोटाचा रोग, झाला नाही, असं काकूचं मत होतं.

छपराची मालकीण ठकूबाई. ऐंशीच्या घरातली, काटक, बोलायला सुरीसारखी.

"आजी, ही गाडी मला द्याल का?"

"माजी न्हाई ती. मुकादमाची हाय. रस्त्याच्या कामावरचा मुकादम. हितं बंद पडली, तवा म्हनला, राखा जरा, सांजच्याला मानूस घिऊन येतो."

"कधीची गोष्ट?"

"म्या नवी नवरी व्हते तवा."

डॉक्टरांनी हिशेब केला आणि म्हणाले, "आजी, तो मुकादम आता नसेल हो."

"मंग त्याचं पोर यील."

"आणि पोरगाही नसला तर?"

"आसं वंगाळ बोलू नगा, डाक्टर. तुमी शिकल्याली मानसं." तोवर पावसात करडं आत बसवते, म्हणाल्या, ते राखणीचं भाडं.

डॉक्टर खाली आले ते तापल्यासारखे. जेवताना जीप, झोपेत जीप. पुढचे कित्येक रविवार जुना बाजार सोडून ते हिर्डोशीला जात होते. नाना तऱ्हेने बोलून पाहिलं, ठकूबाई हलेनात. शेवटी एका रविवारी मी सोबत असताना त्यांना युक्ती सुचली. "आजी, तुमच्याकडे कुणी म्हैस राखायला ठेवली आणि ती आजारी पडली, तर मला बोलवाल की नाही?"

"व्हय तर."

"मग ही गाडी सडायला लागली आहे. मुकादम आला आणि म्हणाला, ही कसली राखण? तर?"

ठकूबाईंनी बराच वेळ तोंडातली मिशरी घोळवली. मग आत जाऊन खंडोबाच्या देव्हाऱ्यातलं भंडाऱ्याचं ताट घेऊन आल्या. "इलाजाला न्या. पर मिरगाच्या आदी गाडी हितं जाग्यावर पायजे. करडं पावसात कुठं ठिवू? दसऱ्याला परत न्या. आन आनायची ती तुमीच, दुसऱ्याच्या हाती धाडायची न्हाई. उचला भंडारा."

डॉक्टरांचा देवावर काडीचा विश्वास नव्हता. पण त्यांनी चिमूटभर भंडारा उचलून कपाळाला लावला आणि दर मृगाला जीप आणण्याचा शब्द दिला. उतरताना मला हळूच म्हणाले, "अगं, आजी ऐंशीच्या. एक-दोन पावसाळ्यांचा प्रश्न आहे." वैद्यकीय अंदाज इतका साफ चुकलेला मी दुसरा पाहिला नाही.

सांगाडा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून भोरला आला. आधी त्यातून पोतीच्या पोती लेंड्या निघाल्या. काकूने त्या गुलाबांना घातल्या आणि त्या वर्षी आमच्याकडे पाहुणे जीप सोडून गुलाब बघायला आले. मग डॉक्टर कामाला लागले. ते एकेक नट रॉकेलमध्ये बुडवून घासत बसत, जेवणाचं ताट शेडमध्ये जाई आणि तसंच परत येई. वर्ष सरता सरता ती जीप उभी राहिली. डाव्या बाजूचं स्टिअरिंग, फिकट हिरवा रंग, खाकी कॅनव्हासची सीटं आणि तसंच छत. पुण्यात जुन्या गाड्यांचा मेळावा होता, तिथे एका निवृत्त ब्रिगेडियरसाहेबांनी जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि भारावून विचारलं, "आपण कुठल्या रेजिमेंटचे?" डॉक्टरांनी टाचा जुळवल्या. "पशुसंवर्धन, सर!"

आणि मृगाच्या आदल्या आठवड्यात ही राजकन्या हिर्डोशीला गेली आणि तिच्यात करडं शिरली.

पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी मागचं सीट खाल्लं. दुसऱ्या वर्षी छत. डॉक्टर दसऱ्याला जीप उतरवून आणत, हिवाळाभर पुन्हा शिवत, रंगवत, आणि मृगाला पुन्हा करडांच्या हवाली करत. पुण्याचे जीपवाले मित्र डोक्याला हात लावायचे. वर जातोच आहोत म्हणून डॉक्टर लसीची पेटी बरोबर घेत. आसपासच्या वाड्यांवरची शेरडंमेंढरंही नेमकी त्याच दिवशी तिथे आणून उभी केलेली असत, आणि यात आम्हाला कोणालाही कधी नवल वाटलं नाही. अभय पुण्याहून फोन करून सांगायचा, "डॉक्टर, त्या गाडीला चांगलं गिऱ्हाईक आहे. विकून टाका." त्यावर डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं असे, "ती माझ्याकडे इलाजाला आहे. पेशंट विकतात का?"

यंदा चैत्रात डॉक्टर गेले. लाइनीत, तांबूच्या बॉनेटखाली डोकं घालून उभे होते ते तसेच खाली बसले. माझ्या लग्नात माझे वडील रडले नव्हते एवढे डॉक्टर रडले होते, आणि मी त्यांच्यासाठी किती रडले ते मला सांगता येणार नाही. शेडमध्ये गेलं की ग्रीसचा वास यायचा आणि पाय पुढे टाकवत नसे.

अभयचं काही चुकलं नाही. पलटण सांभाळणार कोण? कपिला, तांबू, मोरी चांगल्या माणसांकडे गेल्या. राहिली ती नऊ खाचांची. तिला पानशेतकडचा एक फार्महाउसवाला न्यायला येणार होता, पुढच्याच आठवड्यात. मी म्हटलं, "अभय, डॉक्टरांनी भंडारा उचललाय." तो म्हणाला, "ताई, शब्द त्यांनी दिला होता, त्यांच्याबरोबर गेला. कसला मुकादम घेऊन बसलीस?" काकू कोपऱ्यात पापडाची पेटी उघडझाप करत बसली. माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. डॉक्टर आयुष्यात एकदाच देवासमोर उभे राहिले होते, आणि तिथे ते खोटे पडू नयेत एवढंच मला वाटत होतं.

दोन दिवसांनी ठकूबाई दारात उभ्या. डॉक्टर गेल्याची आणि गाडी विकण्याची बातमी कंडक्टरकडून एकदमच कळली तशी सकाळच्या एसटीने आल्या होत्या, पदरात नाचणीचं पीठ बांधून. काकूला मिठी मारून रडल्या. मग डोळे पुसून शेडकडे बघत अभयला म्हणाल्या, "इकताय म्हनं गाडी. इका. मी त्येच सांगाया आले. डाक्टरांचा भंडारा म्या उतरवला."

"आणि मुकादम आला म्हणजे?" अभय जरा छद्मीपणेच म्हणाला.

"तो कशाला येतोय? आमचे मालक तवाच म्हनले हुते, त्यो काय परत फिरायचा न्हाई."

मी विचारलं, "मग डॉक्टरांना दर वर्षी कशाला आणायला लावलीत?"

"गाडीसाटी न्हाई गं बाई," ठकूबाई म्हणाल्या. "डाक्टर रिटायर होनार हुते. आदीचे सायब रिटायर झाले, तवापास्नं डाक्टर येस्तवर वर कुनी फिरकलं नव्हतं. मिरगाला शेरडं पटापट मरायची. डाक्टरास्नी नुस्तं 'या' म्हनलं आसतं तर एक साल आलं आसतं, लई तर दोन. गाडी म्हनली, तर येतच ऱ्हायले. एक शेरडू दगावलं न्हाई बगा."

काकू आधी हसली आणि मग तिला हुंदका आला. डॉक्टर आजींचे पावसाळे मोजत होते, आणि आजींनी त्यांचे सगळे पावसाळे आधीच बांधून घेतले होते.

अभय उठून शेडमध्ये गेला. बऱ्याच वेळाने ग्रीसचे हात घेऊन बाहेर आला आणि विचारलं, "आजी, मग यंदा लस कोण देणार?"

"कोन देनार? बगू."

दुसऱ्या दिवशी तो जनावरांच्या दवाखान्यात जाऊन बसला. तिथे नव्या आलेल्या डॉक्टरीणबाई होत्या, वयाने आमच्या सगळ्यांपेक्षा लहान. त्या वर जायला केव्हाच तयार होत्या, पण त्या चढावर जाणारं वाहन दवाखान्याकडे नव्हतं. फार्महाउसवाल्याला अभयने काय सांगितलं ते मला माहीत नाही.

मृगाच्या आधी आम्ही निघालो. अभय जन्मात पहिल्यांदा डाव्या बाजूला बसून चालवत होता. मागे मी आणि डॉक्टरीणबाई लसीची पेटी मांडीवर धरून. हिर्डोशीच्या पुढे चढावर गाडी बंद पडली, ती आम्ही दोघींनी ढकलली. वाड्यावर पोचलो तर शेरडंमेंढरं दाटीवाटीने उभी होती आणि ठकूबाई दारातच बसलेल्या. आदल्या दिवशी त्यांना निरोप गेला होता, त्यामुळे आश्चर्य वगैरे त्यांनी काही दाखवलं नाही. त्यांनी डॉक्टरीणबाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि पहिला प्रश्न केला, "बाई, तुमची बदली कदी?"

"अजून दोन-तीन वर्षं तरी नाही, आजी."

ठकूबाईंनी मान हलवली आणि अभयकडे वळल्या. "मंग गाडी इकू नगंस, लेकरा. फुडल्या डाक्टराला लागंल."

अभयने इंजिन बंद केलं, आणि खाली उतरून करडांसाठी मागचा कॅनव्हास वर धरला.