जळक्या सॉकेटांची खोली

कारखान्यात तिला सगळे ‘जळकी बाई’ म्हणायचे, फक्त तोंडावर नाही. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेली जळकी सॉकेटं उघडायची आणि ती का जळली ते शोधायचं, हे तिचं काम. तिची खोली व्हरांड्याच्या टोकाला. वासामुळे तिकडे कुणी फिरकत नसे. एकवीस वर्षं ती एकटीच डबा खात आली होती. घरीही तेच. आई गेल्यापासून कुलूप तिनेच लावायचं नि तिनेच काढायचं.

एका सोमवारी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक सॉकेट आलं. सोबत चिठ्ठी : ‘हीटर लावला की धूर येतो. घरात मी एकटाच असतो.’ खाली फोन नंबर.

तिने झाकण काढलं. पिनेला चिमट्यासारख्या घट्ट धरणाऱ्या आतल्या पितळी पट्ट्या फाकल्या होत्या. पकड सैल झाली, की वीज जेमतेम टेकलेल्या जागेतून जाते आणि ती जागा तापत जाते. त्यात हे सॉकेट दिव्या-पंख्याचं, त्यावर हीटर! फॉर्मवर ‘चुकीचा वापर’ लिहिलं की काम संपत होतं. तिने फोन लावला. पलीकडून म्हातारा आवाज आला.

“आजोबा, आता हीटर कुठे लावताय?”

“पलंगाजवळच्या सॉकेटला.”

“तेही छोटंच ना? आधी काढा बघू!”

ते काढून आले. हीटरला जाड पिनांचं मोठं सॉकेट लागतं, ते वायरमनकडूनच बसवून घ्या, असं तिने बजावलं.

“आणि ते वरचं तिसरं भोक कशाला असतं हो?”

“तिथली पिन सगळ्यात लांब. ती आधी शिरते, आतले पडदे सरकवते, मग बाकीच्या दोघींना वाट मिळते. हीटरच्या पत्र्यात वीज उतरलीच, तर ती जमिनीत नेते.”

“म्हणजे घरातली थोरली!”

ती खुदकन हसली. “बसवलं की कळवा.”

महिना गेला, फोन नाही. कारखान्याच्या टेलिफोन ऑपरेटरला तिने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. शेवटी तिनेच नंबर फिरवला.

“बसवलं की, केव्हाच,” आजोबा म्हणाले. “पण कळवलं असतं, तर तुमचं काम संपलं असतं ना.”

तिने खुर्ची फोनजवळ ओढली.

“तापत तर नाही ना?” ती म्हणाली. “वरून हात लावून सांगा. सावकाश जा. मी आहे फोनवर.”

त्यांच्या चपलांचा आवाज लांब जात राहिला. रिसीव्हर कानाशी धरून ती ऐकत बसली.