भागूबाई आणि ॲक्विएसन्स

लढाईचे दिवस होते. खालापूरजवळच्या एका वाडीचं गुरचरण एका कंपनीला खडी काढायला हवं होतं. कंपनीचा साहेब चावडीवर आला तेव्हा गावचे बाप्ये माना खाली घालून बसले. उठली ती एकटी भागूबाई. पण गावचा पाटील मालोजी, म्हणजे तिचाच दीर, तिच्यावर खेकसला, "वयनी, खाली बस. बायांचं काम नाय हितं."

साहेब हसला आणि कारकुनाला इंग्रजीत काही सांगू लागला. त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. भागूबाईनं तो पक्का धरून ठेवला आणि ती तडक खालापुरात झहीरच्या दुकानात गेली. झहीर मुंबईला गोदीत कारकुनी करून आलेला. तिचा वेडावाकडा उच्चार त्यानं चारदा म्हणवून घेतला, तेव्हा उमगला. ॲक्विएसन्स.

"म्हंजे राजीखुशी?" तिनं विचारलं.

"राजीखुशी नाय, भागूबाय. मनात नसलं तरी तोंडानं 'नाय' म्हटलं नाय, अशी संमती."

हा शब्द माणूस सहसा स्वतःसाठी वापरत नाही, दुसरेच त्याच्या नावावर लावतात, हेही त्यानं सांगितलं. भागूबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. ती बोलायला उठली होती. तिला बसवलं होतं. आणि बसवणारा घरचाच होता.

हद्दीचे दगड रोवायला साहेब आला तेव्हा ती आडवी उभी राहिली. "नो ॲक्विएसन्स," म्हणाली. साहेबानं तिचा उच्चार सुधारून दिला आणि गड्यांना दगड रोवायला सांगितलं. गुरचरण गेलं. खडीच्या धुरळ्यानं गवत पांढरं पडलं, गुरं विकावी लागली. त्या दिवाळीत मालोजी फराळाला आला, तर तिनं त्याच्या तोंडावर दार लावलं.

दोन वर्षांनी कंपनीला पाणवठ्याची वाट हवी झाली. पुन्हा चावडी भरली, पुन्हा माना खाली. मालोजी हळूच म्हणाला, "वयनी, तू बोल. तुला साहेबाचा शब्द येतो."

भागूबाई जागची हलली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मी 'नाय' म्हणणार हायच, भावजी. पण आदी तुमी म्हणा. मला बसवताना तुमचा आवाज चांगला मोठा होता."

अखेर मालोजी उठला. "नाय," म्हणाला, "वाट देणार नाय." मग एकेक बाप्या उठला.

वाट गावाकडंच राहिली. मालोजी काही बोलायला जवळ आला, पण भागूबाई पदर खोचून चावडीच्या पायऱ्या उतरलीही होती. गेलेल्या गुरचरणाचा राग एवढ्यानं निवणारा नव्हता.