व्याह्यांच्या अंगणात माझी गाडी

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, पण आमच्या खानदेशात तो लेकींचा सण. सासरी असलेल्या लेकीला आणायला बापानं नाहीतर भावानं जायचं. मला मुलगा नाही, म्हणून मुराळी दरवर्षी मीच. जळगावहून धुळ्याला, माझ्या जुन्या गाडीनं.

यंदा निघायच्या आदल्या दिवशी व्याह्यांचा फोन आला. "भाऊ, उन्ह फार शे. तुमीन कसाले येतस? मीच पोरले सोडी देस." सून नाही म्हणाले, पोर म्हणाले. मी गोड आवाजात सांगितलं, "नाही नाना, न्यायला मीच येणार." फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, या माणसाला आपल्या मुलीचा बाप व्हायचंय. ती म्हणाली, "चांगला सासरा मिळालाय, तर तुमच्या पोटात दुखतंय." दुखतच होतं. दोन वर्षांत नाना असे, नाना तसे, हेच मी फोनवर ऐकत आलो होतो. लहानाची मोठी केली आम्ही, आणि हे गृहस्थ आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होते.

माझी आणखी एक रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. माझ्या वडिलांनी पाळली, मीही पाळतो. आता कोणी पाळत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून प्यायच्या पाण्याची मोठी बाटली मी घरून भरून नेतो.

पारोळा ओलांडलं आणि गाडीचा गरमपणा दाखवणारा काटा वर चढायला लागला. लाल रेघेला टेकायच्या आत मी एका निंबाखाली गाडी उभी केली. बराच वेळ थांबलो, फडकं धरून रेडिएटरचं झाकण उघडलं, तर आत खडखडाट. आजूबाजूला ना हॉटेल, ना विहीर. घरून आणलेलं सगळं पाणी मी गाडीला पाजलं. गाडी धुळ्याला पोहोचली, आणि मी कोरड्या घशानं पोहोचलो.

लेक तांब्या-भांडं घेऊन दारात आली. मी हात आडवा केला. तिनं तांब्या परत नेला. जावई कामासाठी नाशिकला होते, घरात सासू-सासरे आणि ही. मी खाटेवर बसेपर्यंत नानांनी माझ्या गाडीखाली वाकून पाहिलंसुद्धा होतं. "भाऊ, पाणी गळी ऱ्हायनं. आसी गाडीवर पोर नही धाडाव मी." म्हणजे अशा गाडीतून ते माझ्या मुलीला माझ्याबरोबर पाठवणार नव्हते. मी उठायला लागलो, तर म्हणाले, "तुमीन बसा, पाव्हना शेतस."

नाना वीज मंडळातून निवृत्त झालेले कारकून. गाड्यांचं वेड त्यांना नंतर लागलं. कोठीतून त्यांनी एक छोटा हातपंप आणला, त्याला घड्याळासारखी तबकडी. इंजिन निवल्यावर तो रेडिएटरच्या तोंडावर बसवायचा, हवा भरायची आणि तबकडीचा काटा उतरतो का ते बघायचं. काटा उतरला, की कुठेतरी गळतंय. त्यांनी हात मागे केला आणि माझ्या लेकीनं त्या हातात टॉर्च ठेवली. मागावी लागली नाही. माझ्याकडे असताना ही पोरगी गाडीची काच पुसायची म्हटलं तरी तोंड वाकडं करायची. इथं ती पदर खोचून बॉनेटमध्ये डोकं घालून उभी होती.

"नाना, हे बघा," ती म्हणाली. खालचा जाड पाइप आवळणाऱ्या पट्टीपाशी पांढरट खपली धरली होती आणि तिथून थेंब फुटत होता. नाना असे हसले, जणू पोर शाळेत पहिली आली. मला ते हसणं बिलकूल आवडलं नाही. शाळेत ती पहिली आली होती तेव्हा हसायला मी होतो, हे कुठे होते?

नानांनी दुकानातून आणलेला नवा पाइप आणि नवी पट्टी बसली. इंजिन थंड ठेवणारं जुनं कूलंट टबात काढलं, ते चहासारखं तांबडं निघालं. लेकीनं टबावर लगेच पत्रा ठेवला, म्हणाली, गोडसर असतं, कुत्र्यानं तोंड घातलं तर मरेल. हेही नानांनीच शिकवलेलं असणार. साध्या पाण्यानं दोनदा धुऊन झालं, नवं हिरवं कूलंट भरलं. आता आत अडकलेली हवा काढायची होती. त्यासाठी झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं, हीटर पूर्ण सोडायचा आणि कोणीतरी आत बसून अधूनमधून पायानं रेस द्यायची.

लेक दाराकडे निघाली. मी तिच्या आधी पोहोचलो. "माझी गाडी आहे, मी बसतो."

"पप्पा, बाहेर एवढं ऊन आणि आत हीटर. मी बसते, मला सवय आहे."

तिला सवय आहे, म्हणजे हे दोघं हे नेहमीच करतात. मी दार ओढून घेतलं. वैशाखातलं धुळं, तोंडावर हीटरची झळ, जीभ टाळूला चिकटलेली. समोर बॉनेटपलीकडे ती दोघं वाकून बुडबुडे बघत होती आणि काहीतरी बोलून हसत होती. मी जळफळत रेस देत राहिलो. मग त्यांची डोकी हलायला लागली, आधी थोडी, मग फार.

डोळे उघडले तेव्हा मी ओट्यावर आडवा होतो आणि नाना पुठ्ठ्यानं वारा घालत होते. लेक भांडं घेऊन माझ्यापाशी बसली होती. सवयीनं माझा हात आडवा झाला.

तिनं तो खाली केला. "मी रोज हेच पाणी पिते पप्पा," ती म्हणाली. "हे माझं घर आहे. तुम्ही दोन वर्षं इथून तहानलेले जाता आणि मी मागे दारात तांब्या घेऊन उभी राहते."

तिचे डोळे भरले होते. मी भांडं घेतलं आणि एका दमात प्यायलो. अजून दे म्हणालो. नाना पुठ्ठा ठेवून लगबगीनं उठले. लेकीनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. "तुम्ही बसा नाना. माझ्या पप्पांना मी देते."

मी नानांच्या तोंडाकडे पाहिलं. ते जरासं उतरलं होतं, आणि मला, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.